माळ्यावरचा कलमचाकू

गेल्या चैत्रात जुन्या घराची कौलं परतायची म्हणून माळा रिकामा केला. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आजोबांचा चष्मा, सोसायटीचं पासबुक, सुतळीचा गुंडा आणि त्याखाली गंजून लाल झालेला घडीचा चाकू निघाला. भाऊ म्हणाला, "ताई, भंगारवाला दारातच आहे, देऊन टाक." मी दिला नाही. मुठीच्या कडेला कानशीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या. कलमं बांधायला पाच-सहा माणसं एकत्र बसली की चाकू एकमेकांत मिसळायचे, म्हणून आजोबांनी आपल्या चाकूला ही खूण करून ठेवली होती. लहानपणी त्या खाचांवरून नख फिरवायचा मला नाद होता.

आम्ही वेंगुर्ल्याजवळ रोपवाटिका चालवतो. हापूसची कोय कलमं, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधलेली, आणि काजूची वेंगुर्ला ४ नि वेंगुर्ला ७ या जातींची कलमं. आजोबांच्या उमेदीत आंब्याचं कलम म्हणजे भेट कलम. मांडव घालून रोपाची कुंडी फांदीच्या उंचीला न्यायची, रोपाची आणि फांदीची साल तासायची आणि तासलेल्या बाजू एकमेकींना भिडवून बांधायच्या. पद्धत बदलली, पण काप सपाट नसेल तर कलम लागत नाही हे तेव्हाही होतं, आजही आहे. आपल्या भाषेत झाडाचंही कलम आणि लिहायचंही कलम, आणि दोघांनाही चाकू लागतो. आजोबांनी शाळेत असल्याच छोट्या पात्यानं बोरू तासले आणि पुढे जन्मभर फांद्या.

कामाला हात घालण्याआधी मी एक अट ठरवली. हा चाकू काचेच्या कपाटात मांडायचा नाही. जूनमध्ये कोयी उगवल्या की त्यानं कलम करता आलं पाहिजे. जुन्या चाकूचं काम काढणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच विचारते की तो कशासाठी हवाय. कारण एकदा घासून काढलेलं पोलाद परत येत नाही. चकचकीत करण्याच्या हौसेपायी माणसं पातं अर्धं करून टाकतात, मग ते ना कपाटाचं राहतं ना कामाचं.

आधी नुसतं बघणं

पहिल्या दिवशी काहीही करू नका. उजेडात बसा, भिंग असेल तर घ्या आणि चाकू नीट बघा.

माझ्या चाकूचं पातं मिटलेलं आणि जाम. मूठ शिसवीची, दोन पितळी रिव्हेटांवर बसवलेली, एका कोपऱ्यात चीर. सांध्याकडच्या टोकाला पितळेची टोपी, तिच्यावर हिरवा कळंक. पुढे पातं उघडल्यावर मुळाशी ठसा दिसला. बनवणाऱ्याचं नाव गंजानं खाल्लेलं, पण 'शेफील्ड' हे चाकूंसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शहराचं नाव वाचता येत होतं. 'स्टेनलेस' कुठेच नव्हतं. गंज न चढणारं पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली तयार केलं आणि चाकूंमध्ये ते त्यानंतर हळूहळू आलं. त्यामुळे जुन्या चाकूवर तो शब्द नसेल तर पातं बहुधा साध्या कार्बन पोलादाचं. ते गंजतं, डागाळतं, पण साध्या दगडावर त्याला जी धार चढते ती चढवायला स्टेनलेसवर फार मेहनत पडते. कलमं बांधणारे जुने लोक कार्बनचंच पातं मागतात ते यासाठी.

मूठ कशाची आहे हे ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिच्यावरून साफसफाईची रीत ठरते. लाकूड, हाड, शिंग यांना भिजवून ठेवायचं नाही. दहा वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांचा शिंगाच्या मुठीचा एक चाकू मी कढत पाण्यात बुडवला आणि सुकल्यावर मूठ रिव्हेटापासून थेट टोकापर्यंत तडकली. ती आजही तशीच आहे आणि हातात घेतली की मला वाईट वाटतं. शेफील्डच्या बऱ्याच चाकूंना सांबरशिंगाच्या मुठी असत आणि ते शिंग आपल्याच देशातून तिकडे जायचं. घरात असा चाकू असेल तर जपा, पण हौसेनं विकत घ्यायला किंवा विकायला जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सांबरशिंगाच्या आणि हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे.

मूठ रंगीत, मोत्यासारखी किंवा कासवाच्या पाठीसारखी दिसत असेल तर अंगठ्यानं जोरात घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. ते भडकन पेट घेतं, म्हणून त्याच्याजवळ काडी किंवा बत्ती नेऊ नका. ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचं लोखंडही गंजतं. असा चाकू इतर हत्यारांबरोबर एकाच डब्यात ठेवू नये.

जाम पातं

जाम पातं उघडताना घाई नडते. पक्कड लावली तर पात्यावर दातांचे वळ उठतात. हातोडीनं ठोकलं तर मुठीच्या पाठीची पट्टी तुटते. पातं उघडल्यावर आणि मिटल्यावर जागेवर धरणारी स्प्रिंग तीच, आणि ती गेली तर चाकूच गेला.

लागतं रॉकेल. आता रेशनवर मिळत नाही, पण रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं, किंवा सांधे मोकळे करायचा फवाऱ्याचा डबा. मूठ लाकडाची असल्यामुळे मी चाकू बुडवला नाही. मेडिकलमधून बारीक सुईची सिरिंज आणली. चाकू सांध्याची बाजू वर करून उभा धरला, पातं आणि पितळी टोपी यांच्या फटीत चार थेंब सोडले आणि तो तसाच वाटीत तांदळात खोचून ठेवला. सकाळ-संध्याकाळ चार थेंब. मधल्या वेळी चिंचोक्याएवढ्या लाकडाच्या तुकड्यानं टोपीवर हलकेच टकटक करायची, म्हणजे थेंब आत उतरतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे घेतले. रबरामुळे बोटं घसरत नाहीत आणि पात्यालाही इजा होत नाही. चिमटीत पात्याची पाठ धरली आणि बांबूच्या चोयटीचं टोक पात्यावरच्या, नखानं उघडायच्या खाचेत घालून अगदी सावकाश वर उचललं. कुर्र असा आवाज आला आणि पातं काडीभर वर आलं. तिथेच थांबले. पुन्हा दोन थेंब, पुन्हा मिटलं, पुन्हा काडीभर. पूर्ण उघडायला तासभर लागला. जाम पातं एकदम सुटतं आणि बोट कापतं, म्हणून दुसरा हात कधीही धारेच्या वाटेत नको. या चाकूंना कुलूप नसतं, उलटा जोर पडला की पातं बोटांवर मिटतं, हेही कायम ध्यानात असावं.

उघडलं की सांधा धुवायचा. जुना टूथब्रश, रॉकेल, उघडझाप. पहिल्यांदा विटकरी चिखल निघाला, मग काळं पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटांनी रॉकेल स्वच्छ यायला लागलं. मुठीच्या पोटात, म्हणजे पातं मिटून बसतं त्या खाचेत, चाळीस वर्षांचा कचरा होता. कापडाचे धागे, चीक आणि मातीचा घट्ट काळा थर. तो दात कोरायच्या काडीनं आणि पातळ बांबूनं खरवडून काढला. मग ओल्या फडक्याला थोडा साबण लावून पुसलं, कोरड्या फडक्यानं टिपलं आणि चाकू उघडा ठेवून अर्धा तास सावलीत वाऱ्यावर टांगला.

नंतर तेल. शिलाई मशीनचं तेल, सांध्यात एक थेंब. खोबरेल घालू नका. आमच्याकडे सगळ्याला खोबरेल लावायची सवय, पण थंडीत ते गोठतं आणि जुनं झालं की खवट, चिकट होतं. शेंगदाण्याचं, करडईचं तर सांध्यात डिंकासारखं बसतं. ज्या चाकूनं फळं कापून खायची त्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन घाला. ते पोटात गेलं तरी चालतं आणि खराब होत नाही.

गंज किती काढायचा

सैल, लाल, बोटाला लागणारा गंज सगळा काढायचा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि खाली खात जातो. काळा, घट्ट, गुळगुळीत थर काढायचा नाही. तो पात्याला राखतो. आंबा, काजू, आवळा, जांभूळ कापून कार्बनच्या पात्यावर जो निळसर काळा डाग बसतो तो त्यांच्या तुरटपणामुळे. हिरडा आणि लोखंड मिळून पूर्वी शाई करायचे, त्यातलाच हा प्रकार. वर्षानुवर्षं काम करून आलेला हा रंग मी पुसत नाही.

जाड पापुद्रे आधी जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेनं खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पात्यावर ओरखडा उठत नाही. मग हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश कागद, ६०० आणि १००० नंबरचा, रॉकेलात भिजवून. कागद बोटावर गुंडाळून घासू नका. बोट मऊ असतं, ते खळग्यात शिरतं आणि कडा गोल करतं. खोडरबराएवढ्या लाकडी ठोकळ्याला कागद गुंडाळा आणि मुळापासून टोकाकडे, एकाच दिशेनं. ठशाच्या जागेला हातच लावू नका. तिथे फक्त टूथब्रश आणि तेल.

माझ्या पात्याला गंजानं पाडलेले खड्डे होते, पाठीकडे सात-आठ, टाचणीच्या डोक्याएवढे. ते तसेच ठेवले. खड्ड्याच्या तळापर्यंत पातं घासत बसलं असतं तर निम्मी जाडी गेली असती. खड्ड्यातला लाल गंज सुईनं टोकरून काढला आणि वर तेल. फक्त धारेवर आलेला खड्डा मात्र काढावाच लागतो. तिथे धार तुटकी राहते आणि काप घेताना साल फाटते.

व्हिनेगर, लिंबू, चिंच यांच्याबद्दल लोक विचारतात. पातं सुटं असेल तर एक वेळ ठीक. घडीच्या चाकूत आम्ल सांध्यात शिरतं, तिथून धुऊन निघत नाही आणि महिन्याभरात आतून गंज धरतो. पितळेची टोपी चिंचेनं छान उजळते हे खरं, पण शेजारी पोलाद आहे. मी फडक्याच्या टोकाला ब्रासो घेऊन तेवढीच घासली.

हलणारं पातं

उघडल्यावर पातं डावीकडे-उजवीकडे थोडं डुलत होतं. भेंडी चिरायला चाललं असतं, कलमाला नाही. उपाय म्हणजे सांध्याच्या रिव्हेटाचं डोकं किंचित पसरवणं. माझ्याकडे लहान ऐरण नाही, म्हणून बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेले. त्यांनी पातं आणि मुठीच्या आतला पितळी पत्रा यांच्यामध्ये वहीच्या कागदाची एक पट्टी सरकवली, चाकू ऐरणीवर आडवा ठेवला आणि गोल तोंडाच्या हातोडीनं रिव्हेटावर मधून बाहेर अशा हलक्या टिचक्या मारल्या. आठ-दहा टिचक्या, उघडझाप, पुन्हा चार. मग दुसऱ्या बाजूनं. कागद ओढून काढला तेव्हा पातं डुलायचं थांबलं होतं आणि जामही झालं नव्हतं. तो कागद ही खरी युक्ती. तो नसता तर एका जास्तीच्या टिचकीनं सांधा आवळला असता. घरी करायचं तर जुन्या वजनाच्या मापाची ऐरण करा, पण हात हलका ठेवा.

धार

आधी एक तपास. कानशीचा कोपरा पात्याच्या मुळाजवळच्या धारेवर हलकेच ओढा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. कानशीनं लगेच धातू धरला तर पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंय, म्हणजे कधीतरी ते तापलंय. मागे माझा एक चांगला चाकू मी रस्त्यावर सायकलच्या सहाणेवर धार लावून देणाऱ्याकडे दिला होता. ठिणग्यांचा पाऊस पडला आणि दोन मिनिटांत चाकू परत मिळाला. धारेला मोरपिशी निळा रंग आला होता. तो रंग म्हणजे पोलाद साधारण तीनशे अंशांपर्यंत तापल्याची खूण. त्यानंतर त्या पात्याला कितीही धार लावा, वीस फांद्यांत बसते. पातळ पात्याचा चाकू फिरत्या कोरड्या चाकावर द्यायचा नाही, हे मी त्या दिवसापासून पाळते.

हातानं लावायची धार. कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एक बाजू जाडी, एक बारीक, हार्डवेअरच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांत मिळतो. आजोबा त्याला कुरुंदच म्हणत. हा शब्द दक्षिणेकडचा, आणि इंग्रजीतला 'कोरंडम' तिकडूनच गेला.

दगड सपाट आहे का ते आधी बघा. पोलादी पट्टी त्यावर उभी धरून उजेडाकडे बघितलं की पोट खोल गेलेलं लगेच दिसतं. माझा दगड कोयते-विळे पाजवून होडीसारखा झाला होता. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि सपाट लादीवर बारीक वाळू नि पाणी टाकून दगड पालथा घासला. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या तेव्हा तो सपाट झाला. अर्धा दिवस गेला, पण खोलगट दगडावर सपाट धार येत नाही.

आता चाकूची धार दुहेरी आहे की एकेरी ते बघा. खिशातल्या बहुतेक चाकूंना दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या पुष्कळ चाकूंना एकाच बाजूला उतार असतो, दुसरी बाजू पूर्ण सपाट. आजोबांचा चाकू एकेरी होता, उजव्या हाताच्या माणसासाठी. सपाट बाजू फांदीला टेकून सरकते, म्हणून काप सपाट येतो. अशा चाकूला दोन्ही बाजूंनी धार लावली तर पातं फांदीत कमानीसारखं फिरतं, कापाला पोट येतं, आणि दोन काप जोडले की मध्ये पोकळी राहते. साल आणि लाकूड यांच्यामधला तो हिरवट ओला थर एकमेकांना भिडला नाही तर कलम दहा दिवसांत काळं पडतं. एका चुकीच्या धारेनं अख्खा हंगाम वाया घालवलेले लोक मी पाहिलेत.

तिरका उतार किती ठेवायचा हे जुन्या चाकूलाच विचारावं. उतारावर काळा मार्कर फिरवा. पातं दगडावर टेकवून एकदा पुढे सरका आणि बघा. शाई धारेच्या काठाला पुसली गेली तर तुम्ही पातं जास्त उभं धरताय, वरच्या कडेला पुसली गेली तर जास्त आडवं. सगळीकडे सारखी पुसली की तोच कोन. दुहेरी धारेच्या चाकूचा मूळ कोन पार हरवला असेल तर कागद घ्या. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्याहून किंचित आडवं, वीसच्या आसपास, दर बाजूला. नुसती फळं आणि पेन्सिल असेल तर पंधरापर्यंत खाली जा, पण काटक्या कापणार असाल तर नको, काठ तुटतो.

दगडावर थोडं पाणी किंवा रॉकेल, जे एकदा घ्याल तेच कायम. जाडी बाजू फक्त धारेवरचे खड्डे काढण्यापुरती. उतार दगडाला पूर्ण टेकवून, दगडावरून पातळ साल सोलायची आहे अशा बेतानं पातं पुढे न्यायचं. टोकाकडे आल्यावर कोपर थोडं वर, नाहीतर टोक गोल होतं. दाब माफक. दर दहा फेऱ्यांनी अंगठा धारेच्या आडवा, आतून बाहेर, दुसऱ्या बाजूवरून फिरवून बघा. धारेच्या लांबीतून नव्हे, बोट कापेल. काठ उलटून पलीकडे आलेला बारीक खरखरीतपणा लागतो, कारखान्यात त्याला बर म्हणतात. अगदी मांजराच्या जिभेसारखा लागतो. तो मुळापासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात. मध्ये बर लागली की उलटतात आणि टोक बोथट राहतं.

बर सलग आली की बारीक बाजूवर तेच सगळं पुन्हा, अर्ध्या दाबानं. मग चाकू उलटा करून सपाट बाजू दगडावर पूर्ण निजवायची, पाठ केसभरही उचलायची नाही, आणि दोन-तीनदा हलकेच ओढायचं. मी पाठीवर दोन बोटं ठेवते, म्हणजे ती उचलली गेली तर कळतं. त्यानंतर काचेच्या तुकड्यावर चिकटवलेला १५०० नंबरचा वॉटर पेपर, दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, धार मागे ठेवून.

शेवटी चामडं. न्हाव्याकडे वस्तऱ्यासाठी असायची तशी पट्टी. जुना कमरेचा पट्टा फळीला ठोकून, आतली खरखरीत बाजू वर, आणि तिच्यावर बफिंगवाल्यांकडे मिळणारी हिरवी वडी घासून. पाठ पुढे, धार मागे, वीस वेळा. सपाट बाजू इथेही सपाटच.

लोक हातावरचे केस काढून किंवा वर्तमानपत्र कापून धार बघतात. मला आजोबांचं एक वाक्य आठवतं. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांच्या चाकूच्या धारेकडे डोळे लावून बसले होते, तेव्हा ते म्हणाले, "धार काय बघतंस, बाय? काप बघ." म्हणून मी परसातल्या आंब्याची पेन्सिलीएवढी काडी घेतली आणि एका ओढीत तिरका काप घेतला. तो उजेडाकडे धरला. कापावर रेघ नाही, सालीची कड फाटलेली नाही आणि ओला पृष्ठभाग काचेसारखा चमकतोय. दुसरा तसाच काप घेऊन दोन्ही एकमेकांवर ठेवले, तर मधून उजेड दिसला नाही. पहिल्या दिवशी दिसला होता. टोकाकडची बर राहून गेली होती, ती काढायला पुन्हा दगडावर बसले.

मूठ

चिरेत अराल्डाइट आणि शिसवीचा बारीक भुसा कालवून भरला, दोऱ्यानं आवळून एक दिवस ठेवला आणि ६०० नंबरच्या कागदानं सारखा केला. तीन खाचांना हात लावला नाही. मग जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते. बोटानं पातळ लावायचं, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं, दुसऱ्या दिवशी परत, असं तीनदा. जाड थर दिला तर तो चिकट राहतो. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

पावसाळ्यात

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चाकू कामाला लागला. बारा-पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप, कोयीपासून सात-आठ सेंटीमीटरवर छाटलेलं. मधोमध तीन-चार सेंटीमीटर चीर, तेवढीच लांब पाचर हापूसच्या काडीला, आणि वर प्लॅस्टिकच्या पट्टीची घट्ट बांधणी. दर तीस-चाळीस कलमांमागे चाकू चामड्यावर दहा वेळा ओढते. दगड आठवड्यातून एकदाच, आणि तोही बारीक बाजूचा.

चीक पात्यावर सुकू देऊ नका. फणसाचा चीक काढायला हाताला खोबरेल लावतो तसं पात्यालाही चालतं, पण मग ते पुसून घ्या. झाड बदलताना मी पातं स्पिरिटनं पुसते, म्हणजे एकाचा रोग दुसऱ्याला जात नाही. स्पिरिटनं तेलही निघून जातं, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं पातं रात्रीतून तांबूस होतं. म्हणून संध्याकाळी हात धुण्याआधी चाकू पुसायचा, मशीन तेलाचं बोट पात्यावरून फिरवायचं आणि सांध्यात एक थेंब.

चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. तेलाचा हात लावलेल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका. हंगाम संपला तरी महिन्यातून एकदा डबा उघडून पातं उघडझाप करा. मी तोच बिस्किटांचा डबा ठेवलाय, चष्मा आणि पासबुक अजून त्यातच आहे. फक्त चाकूसकट तो आता माळ्यावर नाही, खाली दगडाशेजारच्या फळीवर असतो.